सांडणीस्वाराचा दगड

इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर संपला आणि तो दोन्ही पक्षांच्या संमतीने संपला. लढाईची कारणं पाच, परिणाम सात, तहाची कलमं तोंडपाठ, पेपर झाला की सगळं साफ. मी अकोल्याकडची. नोकरीसाठी पुण्यात आले, कोथरूडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहू लागले आणि रोज स्कूटरवरून हडपसरच्या आयटी पार्कला जाऊ-येऊ लागले. त्या रस्त्यावर सिग्नलला जे आयुष्य जातं, त्यापुढे कुठल्याही मोहिमेची मला मातब्बरी वाटत नव्हती.

मग एका शुक्रवारी माझा फोन बादलीत पडला. दुरुस्तीवाल्याने चार दिवस सांगितले. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेले तर पुढे पाच डबे, आणि हातात बघायला काहीच नाही. गिरणीच्या शेजारच्या गाळ्यात एक वाचनालय आहे. चार वर्षं मी त्याच्या दारात स्कूटर लावत होते, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. दारावर पाटी आहे: ‘येथे वाहन लावू नये. लावल्यास निदान एक पुस्तक न्यावे.’ त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या पाटीचं ऐकलं.

“काय हवंय?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

“जाड काहीतरी.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तराजूत तोलावं तसं, आणि एक ऐतिहासिक कादंबरी काढून समोर ठेवली. कव्हरवर पिठाचा बारीक थर होता. गिरणीच्या कृपेने तिथल्या सगळ्याच पुस्तकांवर तो असतो. मी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर एक सरदार ताक मागत होता आणि ताक आंबट निघालं म्हणून वैतागत होता. मी दोनदा वाचलं. या लोकांना ताक आंबट लागायचं, पायाला चिखल्या व्हायच्या, पत्राचं उत्तर आलं नाही की त्यांचीही झोप उडायची, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत त्यांना नुसती कारणं आणि परिणाम होते. भान आलं तेव्हा गिरणीचं शटर खाली आलेलं होतं आणि आमचं पीठ आत. त्या रात्री आम्ही तिघींनी पाव खाल्ला आणि दोघींनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पुस्तक भन्नाट होतं, पण त्यात एक माणूस मला सारखा आडवा येत होता. पानापानाच्या समासात बारीक, उभट अक्षरात पेन्सिलीने शेरे मारलेले होते. नायक एका दमात मोठी मजल मारतो तिथे, ‘घोडा बदलला का? नसल्यास मेला.’ नायिका चांदण्यात गवाक्षात उभी, तिथे, ‘आज अमावास्या. मागील पान पाहावे.’ आणि पुस्तकातल्या सर्वांत हळव्या प्रसंगापुढे, जिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिथे एकच शब्द, ‘पुरावा?’

माझं डोकं फिरलं. पुस्तक परत करायला गेले ती तावातावानेच. “हे कोण आहेत महाराज? इथे माणूस रडून राहिला आन् हे पुरावा मागून राहिले. काहून वाचतात असे लोक कादंबऱ्या?”

चिडले की माझी भाषा थेट विदर्भात जाते. बाईंनी नुसती मानेने माझ्या मागे खूण केली. मागे एक पांढऱ्या शर्टातले, काठीसारखे सरळ वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालत होते. खिशाला पेन्सिल होती.

“आपण रडलात, त्याची नोंद घेतली आहे,” ते म्हणाले. “रविवारी सकाळी साडेआठला इथेच बसतो आम्ही. उशिरा येणार असाल तर येऊ नका.”

ते काका जन्मभर जमीन मोजणी खात्यात होते. सगळा जिल्हा त्यांनी साखळी आणि टेप घेऊन पायी पालथा घातलेला, त्यामुळे कादंबरीतलं कुठलंही अंतर त्यांना आपल्यावरचं काम वाटायचं. सगळ्यांना ते ‘अहो-जाहो’ करत, अगदी वाचनालयातल्या मांजरीलाही. ‘अहो, उठा, हा बखरींचा कप्पा आहे,’ असं तिला सांगताना मी स्वतः ऐकलंय. रविवारच्या बैठकीत ते, ग्रंथपाल बाई, भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेणाऱ्या एक मॅडम आणि आता मी, असे चौघे. महिन्याला एक ऐतिहासिक कादंबरी, चौघांनी वाचायची आणि मग भांडायचं. मॅडम तोफगोळा किती लांब जाईल याची गणितं मांडायच्या. बाई कादंबरीतल्या सगळ्या सुनांची बाजू घ्यायच्या. मी कुणाच्याही बाजूने रडायचे. आणि काका म्हणायचे, “पुरावा?”

खरं सांगायचं तर पुण्यात चार वर्षं राहून मला इथे माझं असं कुणी नव्हतं. ऑफिसमधली माणसं ऑफिसमध्ये राहत होती. रविवार म्हणजे कपडे धुणं आणि आईला फोन. आता शनिवारी संध्याकाळपासूनच मला उद्याचे वेध लागायचे. मी काकांशी इतकी भांडायचे, आणि घरी आल्यावर त्यांचं काय चुकलं ते मैत्रिणींना इतक्या वेळा सांगायचे, की एकदा त्यातली एक म्हणाली, “तुला ते आवडतात, मान्य कर ना.” मी मान्य केलं.

काकांची पुस्तक वाचायची एक ठरलेली रीत होती. आधी शेवटची पानं उघडायची, संदर्भांची यादी आणि लेखकाचं मनोगत तपासायचं, कादंबरीकाराने काय काय वाचलंय त्याचा हिशेब घ्यायचा आणि मगच पान एक. “आधी माणूस कोण ते पाहावं, मग त्याच्याशी बोलावं,” असं त्यांचं म्हणणं. पण गेल्या हिवाळ्यात बाईंनी जी कादंबरी काढली ती फार जुनी होती, बाजारात मिळत नव्हती, आणि बाइंडिंगवाल्याने बांधताना शेवटची काही पानं कुठेतरी गाळली होती. गोष्ट पूर्ण होती, पण मनोगत नाही, यादी नाही. काका आठवडाभर कुरकुरले. “म्हणजे मी काय, नुसतीच वाचायची?”

आणि त्यांनी नुसतीच वाचली.

त्या कादंबरीत मोठमोठी माणसं खूप होती, पण आम्हा चौघांनाही वेड लावलं ते एका सांडणीस्वाराने. उंटिणीवरून जरुरीची पत्रं पोचवणारा साधा माणूस. लेखकाने त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं. छावणीकडे खलिता घेऊन निघतो, वाटेत त्याची सांडणी आजारी पडते. तो दोन दिवस एका गावात थांबून तिला औषधपाणी करतो, तिसऱ्या दिवशी तिला तिथेच सोडून पायी धावत सुटतो, खलिता पोचवतो, आणि छावणीत विश्रांती न घेता सांडणीसाठी उलट पावली परत येतो. गावाच्या विहिरीपाशी येऊन कोसळतो तो उठत नाही. गावकरी त्याला तिथेच चिंचेखाली माती देतात आणि वर एक दगड उभा करतात. एवढीच तीस पानं. गाव कुठलं, तेही लिहिलं होतं. हडपसरच्या पुढचं, तेव्हाचं खेडं, आता महानगरपालिकेत आलेलं, माझ्या ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर.

त्या रविवारी काकांनी वाचून परत आणलेली ती एकुलती प्रत मी उघडून पाहिली. त्या तीस पानांच्या समासात एकही शेरा नव्हता.

“काका, पुरावा?” मी मुद्दाम विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला. “पाहून येऊ,” म्हणाले.

दोन स्कूटर निघाल्या. बाईंनी शेवंतीची फुलं घेतली. काका माझ्या मागे बसून मला रस्ताभर वेगमर्यादा सांगत होते. गावात शिरलो तर दोन्हीकडे उंच इमारती आणि मधे तेवढा एक हिरवा तुकडा उरलेला, त्यात विहीर. पन्नाशीचे एक शेतकरी मेथीला पाणी देत होते.

“नमस्कार,” काका म्हणाले. “इथे विहिरीजवळ एखादा जुना दगड आहे का हो? उभा?”

“हाय की,” ते म्हणाले. “लई जुना हाय. आमच्या आज्याच्या बी आधीचा.”

“आणि चिंच होती का?”

“व्हती. रस्त्यात गेली.”

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी माझा हात घट्ट धरला. दगड गुडघ्याएवढा होता, गवतात एका बाजूला कललेला, माथ्यावर छिन्नीने मारलेली बारीक फुली. मॅडम म्हणाल्या, हे सांडणीचं पाऊल असणार. मी म्हणाले, तलवारीची खूण. काकांनी सवयीने खिशातून टेप काढला आणि विहिरीच्या काठापासून अंतर मोजलं. पुस्तकात वीस-पंचवीस पावलं होती. पावलांच्या हिशेबाने बावीस भरली. मग काकांनी टेप गुंडाळला, चपला काढल्या आणि दगडापुढे हात जोडले. आम्हीही जोडले. फुलं वाहिली. ते शेतकरी पाण्याचा पाइप हातात धरून आमच्याकडे बघत उभे होते, आणि पाणी एकाच वाफ्यात चाललं होतं.

परतल्यावर काका वेगळेच झाले. वाचनालयाच्या वार्षिक मेळाव्यात ते या दगडावर टिपण वाचणार होते. त्या मेळाव्याला इतिहासाचे खरे अभ्यासक येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि कुणाची चूक सापडली की वर्षभर पुरवून पुरवून सांगतात. काकांनी त्यांच्यातल्या कित्येकांना आजवर सुनावलेलं होतं. यंदा नकाशा काढला, अंतरं लिहिली, तीनदा खाडाखोड केली. मला फोनवर परिच्छेद वाचून दाखवायचे आणि विचारायचे, “बरं वाटतंय का कानाला?” ज्या माणसाने माझ्या प्रत्येक हळव्या वाक्यावर पेन्सिल चालवली होती, तो आता मला हे विचारत होता. त्यांच्या आवाजात शाळकरी मुलाची खुशी होती आणि मला ती फार आवडत होती.

म्हणून मी त्यांना त्या कादंबरीची एक धड प्रत भेट द्यायचं ठरवलं. शहरातली जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली, आणि मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, एका दुकानात ती मिळाली. शेवटच्या पानांसकट. मी तिथेच ओट्यावर बसून मनोगत वाचलं. लेखकाने प्रामाणिकपणे सगळं लिहिलं होतं. कुठली पत्रं पाहिली, कोण कोण खरे. आणि शेवटी, सांडणीस्वार मात्र आपल्या मनातला आहे, त्याला कागदपत्रांत शोधू नये, त्याचं गावही नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं तिथलं आहे.

मी ते पान चारदा वाचलं. दरवेळी तेच लिहिलेलं होतं.

मग डोक्यात भलभलते विचार आले. शेवटची पानं स्टेपल करावीत. चहा सांडावा. बाइंडिंगवाल्याला गाठून, परत गाळ म्हणावं. पुस्तक मिळालंच नाही असंही चाललं असतं, कारण मी शोधतेय हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण उद्या पहिल्या रांगेतल्या कुणाकडे ही प्रत असली तर? भर सभेत कुणीतरी उठून काकांनाच विचारणार, पुरावा? आणि सांगावं तर त्यांचा सांडणीस्वार मी मारायचा. शिवाय मला माझीही भीती होती. काका यानंतर रविवारी आलेच नाहीत तर माझा रविवार पुन्हा कपडे धुण्याचा होणार होता.

बारा वाजता मी त्यांच्या दाराशी गेले. पुण्यात ही वेळ कुणाकडे जायची नाही, पण धीर तोवर टिकला असता तर दुपारच्या झोपेनंतर गेले असते.

“काका, मी एक वाईट गोष्ट आणलीये,” मी म्हणाले आणि पुस्तक शेवटचं पान उघडून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. मी चहाला नको म्हणायची तयारी करून बसले होते, पण त्यांनी विचारलाच नाही.

“स्कूटर आणलीय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“चला. दगड बघायचाय.”

रस्ताभर त्यांनी मला वेगमर्यादासुद्धा सांगितली नाही. मला रडू येत होतं, आणि हेल्मेटमध्ये रडणं फार गैरसोयीचं असतं.

दगड तिथेच होता, फक्त गवत काढलेलं होतं आणि त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. काका खाली बसले. माथ्यावरच्या फुलीवरून बोट फिरवलं. मग उठून एकेका दिशेला पाहिलं, बांध कुठून कुठे जातो ते पाहिलं, आणि हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते, त्यामुळे आधी मला त्यांची तब्येत बिघडली असं वाटलं.

“हा हद्दीचा दगड आहे,” ते म्हणाले. “जुन्या मोजणीत तीन शेतांच्या हद्दी मिळत तिथला. छत्तीस वर्षं मी हेच दगड शोधले. अंधारात हात लावून ओळखीन. आणि त्या दिवशी चपला काढून पाया पडलो. उद्या टिपणात हेच वाचीन.”

एवढ्यात ते शेतकरी आले, मागे त्यांच्या घरच्या बाई. “बरं झालं आलात,” ते म्हणाले. “आमाला वाटलं बिल्डरची मानसं. टेप लावून मोजलं ना तुमी. पन मंग फुलं वाहिली. म्हनलं, बिल्डर काय पाया पडत न्हाय. तवापासून ही रोज हळदकुंकू लावतीया. आता सांगा, ह्यो हाय तरी कुनाचा?”

मी काकांकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

“कुणाचाही नाही,” काका म्हणाले. “तुमच्या शेताची जुनी हद्द आहे. चूक माझी. मी एक गोष्ट वाचली आणि ती खरी धरून चाललो. त्यात तुमचं गाव होतं.”

मग शेतकऱ्यांच्या घरच्या बाईंनी विचारलं, “पुस्तकात? आमचं गाव?”

“हो.”

“वाचून दावा की मंग.”

काका विहिरीच्या काठावर बसले आणि मी आणलेल्या प्रतीतून ती तीस पानं वाचली. सरकारी माणसाच्या सपाट आवाजात, एकेक शब्द मोजून ठेवावा तशी. शेतकरी मोटर बंद करून आले. सांडणी आजारी पडते तिथे बाईंनी पदर तोंडाला लावला. तो उलट पावली निघतो तिथे शेतकरी म्हणाले, “येडं हाय,” आणि नाक पुसलं. शेवटचं वाक्य झालं तेव्हा ऊन उतरलं होतं.

“आन् सांडणीचं काय झालं?” बाईंनी विचारलं. “तिच्यापायीच आला ना त्यो माघारी?”

मी चमकले. चौघांनी महिनाभर त्या तीस पानांचा कीस काढला होता, पण हे आम्हाला सुचलं नव्हतं. पुस्तकात त्याबद्दल ओळ नव्हती. मी काकांकडे पाहिलं. आता ते सांगणार, नोंद नाही.

काकांनी पुस्तक मिटलं. विहिरीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं.

“ती बरी झाली,” ते सावकाश म्हणाले. “इथेच राहिली. तिला न्यायला छावणीतून माणसं आली होती, पण ती या दगडापासून हलेना. मग गावानेच ठेवून घेतली. या विहिरीचं पाणी प्यायची. लहान पोरांना पाठीवर बसू द्यायची. मोठ्या माणसाला मात्र तिने परत कधी बसू दिलं नाही.”

बाईंनी मान हलवली, हे असंच असणार असं वाटून. शेतकऱ्यांनी आम्हाला मेथीच्या दोन जुड्या दिल्या आणि विचारलं की असली पुस्तकं आणखी असतात का. काकांनी त्यांना रविवारची वेळ सांगितली, आणि उशीर झाला तरी या म्हणाले.

परत येताना सिग्नलला थांबलो. इतका वेळ दाबून धरलं होतं, आता मला राहवेना. मान वळवून म्हणाले, “काका, ते सांडणीचं. पुरावा?”

सिग्नल सुटला, मागचा हॉर्न वाजवायला लागला.

“दगड आहे ना,” काका म्हणाले. “आणि तो इंडिकेटर बंद कर. मगाचपासून चालू आहे तुझा.”